बुजगावणं छाप

"राखणं तं तुमच्या रक्तातच आहे, दयारामजी," शेषराव म्हणाला आणि हातातले उरलेले वाघ त्यानं डब्यात टाकले. सगळे हसले. दयारामही हसला. हसून झाल्यावर त्याच्या ध्यानात आलं, की आपण कशाला हसलो ते आपल्याला ठाऊक नाही. तोवर गुलाबरावानं पायानं फरशीवरची खडूची घरं पुसली होती, निवृत्तीनं चष्मा खिशात घातला होता, आणि शेषराव सायकलच्या हवेबद्दल काहीतरी बोलत पडवीच्या पायऱ्या उतरत होता. विचारायचं तर तेव्हाच विचारायला हवं होतं. अशा गोष्टींचा एक क्षण असतो, आणि तो दयारामनं दात दाखवण्यात घालवला.

मेहकरच्या शेतकी कचेरीच्या मागच्या पडवीत संध्याकाळी पाचनंतर हा खेळ चालायचा. पत्त्यांचा नव्हे. पत्ते दिसले असते तर साहेबांनी चौघांनाही उभं आडवं घेतलं असतं. हा काडेपेटीवरच्या चित्रांचा खेळ. बियाणांचं कोठार सांभाळणाऱ्या गुलाबरावाला रिकाम्या काडेपेट्या जमवायचा नाद होता, आणि हेडक्लार्क निवृत्तीला कायदे करायचा. माणसाला एकदा परिपत्रकं लिहायची सवय लागली, की तो घरी बायकोलाही कलमं पाडून बोलतो. निवृत्तीनं खेळ बांधला तो असा: प्रत्येकानं आपल्या पसंतीच्या वीस चित्रांचा कॅट करायचा, चित्रं जुन्या फायलींच्या पुठ्ठ्यावर डकवायची. फरशीवर नऊ घरं आखायची. दोघांनी पाळीपाळीनं एकेक चित्र मांडायचं, रिकाम्या घरात किंवा दुसऱ्याच्या दुबळ्या चित्राच्या डोक्यावर. हत्ती वाघाला हटवतो, वाघ बैलाला, बैल कोंबड्याला. शेवटी ज्याची चित्रं जास्त घरांत, तो जिंकला. राहता राहिली कुलूप, कात्री, कंदील असली चित्रं. त्यांच्यासाठी निवृत्तीनं एक ओळ लिहून ठेवली होती: निर्जीव कोणाला खात नाही, निर्जीवाला कोणी खात नाही. ती ओळ सगळ्यांनी वाचली आणि कुलूप-कंदील फेकून दिले. गुलाबराव तर त्यांच्या सुरळ्या करून कान कोरायचा. ज्याच्याकडे हत्ती जास्त तो मोठा, असं दोन वर्षं चाललं, आणि शेषरावाकडे हत्ती सगळ्यात जास्त होते.

घरी जाताना दयाराम रोजच्या वाटेनं न जाता बाजारातून गेला. काही घ्यायचं नव्हतं. एका दुकानापुढे तो उभा राहिला, दुकानदारानं काय पाहिजे विचारलं तेव्हा त्यानं एक काडेपेटी मागितली, आणि ती घोडा छाप निघाली. घोडे त्याच्याकडे ढिगानं पडले होते. रक्तात. शेषरावाचा आवाज कसा होता, ते तो आठवून पाहू लागला. हरल्यावर शेषराव चिडतो तेव्हा त्याचा आवाज बारीक होतो. आज तो बारीक नव्हता, उलट मोकळा होता, लग्नात जेवून उठलेल्या माणसासारखा. म्हणजे कौतुकच होतं. पण कौतुकाला रक्त कशाला लागतं? शेषराव जिंकतो तेव्हा कोणी म्हणत नाही, की वाघ तुमच्या रक्तात आहेत. तेव्हा म्हणतात, काय डोकं चालतं शेषरावचं. बरं, आपल्याला तसं म्हणाले असते तर आपण काय केलं असतं? हसलोच असतो. मग आता हसलो त्यात बिघडलं कुठं? तो पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायचा आणि पुन्हा त्याच जागी येऊन अडकायचा. डोक्यात नुसता गोंधळ उडाला होता, आणि गोंधळाचं त्याला मनातून भय वाटत असे. ज्याच्या बापाच्या पिढीत कोणी लेखणी धरली नाही त्यानं गोंधळून चालत नाही, असं त्याला कोणी सांगितलं नव्हतं, तरी तो ते पाळत आला होता.

तो आणि शेषराव एकाच गावचे, साखरखेर्ड्याचे. शेषरावाच्या घरची जमीन गावात नाव घेण्यासारखी. दयारामचा बाप माणिक वतनाचा राखणदार. हिवाळ्यात ज्वारीची कणसं खळ्यात येऊन पडली, की मळणी होऊन रास घरात जाईपर्यंत खळं माणिकच्या हवाली. त्याबद्दल सुगीला ज्वारीच्या काही पायल्या मिळायच्या, त्या मागच्या दारानं. मग छप्पन्न साली, नागपूरहून दीक्षा घेऊन आल्यावर, बापानं घुंगरांची काठी चुलीत घातली, आणि पुढे सरकारनं वतनच काढून टाकलं. शेषरावाचे वडील त्याला मानक्या म्हणायचे. शेषराव माणिकराव म्हणतो. दयारामला दयारामजी म्हणतो. या पडवीत चहाचे चार कप येतात आणि दयारामचा कप त्यांतला कोणताही असतो. रुजू झाला तेव्हा पहिले तीन महिने तो कपांकडे बघत असे, कोणाचा कोणता, कानाला खूण आहे का, बशी निराळी ठेवतात का. मग बघायचं सोडलं. आज इतक्या दिवसांनी त्याला वाटलं, उद्या पुन्हा बघावं लागेल. आणि त्याला स्वतःचीच चीड आली, कारण शेषरावानं कपाबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

चांगुणानं भाकर वाढली. तो कालवण न घेता कोरडीच भाकर चावत राहिला, तेव्हा तिनं विचारलं, की कचेरीत काही झालं का. त्यानं सांगितलं, की आज तो जिंकला. मग तोंड काऊन असं, तिनं विचारलं. त्यानं तिला शेषरावाचं वाक्य सांगितलं. ती म्हणाली, की बायकांना रोज कोणी ना कोणी असलं काही म्हणतं, स्वयंपाक हाताला आहे, घरकाम अंगात आहे, त्याचा कोणी एवढा काथ्याकूट करत नाही. मग भांडी उचलताना म्हणाली, "पण झोंबतं ते झोंबतंच." तिनं नेमकं काय म्हटलं, हेही त्याला नीट उमगलं नाही.

पुठ्ठ्याच्या खोक्यातून त्यानं आपला कॅट काढला आणि चटईवर मांडला. मधोमध बुजगावणं. मेहकरच्या बाजारात घेतलेल्या एका काडेपेटीवर ते आलं होतं. छपाई इतकी वाईट की तांबडा रंग पिवळ्यावरून सरकून मडक्याचं तोंड मडक्याबाहेर आलेलं. कारखान्यालाच लाज वाटली असावी, कारण तसली पेटी पुन्हा दिसली नाही. गुलाबरावानं ते चित्र कान कोरायला उचललं, ते दयारामनं मागून घेतलं होतं. का घेतलं? आता तो आठवू लागला. गंमत वाटली म्हणून. बस, एवढंच. खिशात आठवडाभर होतं. मग एकदा शेताच्या पाहणीला गेला असताना त्यानं खरं बुजगावणं पाहिलं, आणि त्याच्याभोवतीच्या पिकाच्या चार ओळींत एकही पाखरू उतरलेलं नव्हतं. त्या जागी उन्हात उभं राहून त्याला एकदम उमगलं, की नऊ घरांच्या मधल्या घरात हे मांडलं तर काय होईल. दुसऱ्या दिवशी त्यानं निवृत्तीला सहज विचारलं, बुजगावणं सजीव की निर्जीव? निर्जीव, निवृत्ती म्हणाला. आठ दिवस मध्ये जाऊ दिले आणि विचारलं, बुजगावण्याच्या बाजूला पाखरू-जनावर येतं का? शेतकी कचेरीतला माणूस, तो येतं कसं म्हणेल? निवृत्तीनं हसत हसत नवं कलम लिहिलं: बुजगावण्याला लागून असलेल्या चारही घरांत जीव उतरणार नाही.

मग तो त्या एका चित्राभोवती कॅट बांधत गेला. कुंपण, मचाण, कंदील, कुलूप, जातं, विहीर. इतरांनी फेकलेलं सगळं त्यानं वेचलं. कुंपण कुठल्या कोपऱ्यात, मचाण कितव्या पाळीला, विहीर कधीपर्यंत हातात दाबून ठेवायची, हे तो कचेरीत टिपणं लिहिताना, विहिरीवर आंघोळ करताना, चांगुणा बोलत असताना ठरवत असे. एकोणीस निर्जीव आणि एक कुत्रा. कुत्रा ठेवला तो लाजेकाजेस्तव, कॅटमध्ये अगदीच धुगधुगी नको म्हणून. सहा आठवडे तो हरत होता आणि सगळे त्याच्या भंगाराच्या दुकानाची टिंगल करत होते. हे लोक खायला बघतात, आपण काहीच खायचं नाही. आपण फक्त जागा धरायची आणि दम धरायचा. आज शेषराव सात वाघ-हत्ती हातात घेऊन बसला होता आणि मांडायला एक घर मिळत नव्हतं. त्या वेळी दयारामला जे वाटलं होतं ते त्याला परीक्षा पास झाल्यावरही वाटलं नव्हतं. शाळा मास्तरांच्या मेहेरबानीनं, वसतिगृह कोणाच्या चिठ्ठीनं, नोकरी राखीव जागेवर, असं लोक म्हणत आणि कधी कधी तोही म्हणे. हा कॅट मात्र कोणाच्या चिठ्ठीनं आला नव्हता. हा त्यानं डोक्यानं बांधला होता. आणि शेषरावानं तो एका वाक्यात उचलून बापाच्या हवाली केला.

म्हणजे तोटा हाच होता, हे त्याला चटईवर बसल्या बसल्या कळलं. शेषरावाचं बोलणं वाईट असेल तर पडवी गेली. चांगलं असेल तर कॅट गेला. त्याला दोन्ही हवं होतं. आणि खरंच असेल तर? समोरचं एकेक चित्र तो नव्यानं बघू लागला. कुंपण. मचाण. कंदील. हे मी निवडलं? जात्याऐवजी पाटा चालला असता, विहिरीऐवजी मोट. पण कुंपण, मचाण, कंदील ही ओळीनं कशी आली? तो बराच वेळ कुत्र्याकडे बघत राहिला.

पुढचे तीन दिवस पोटाचं निमित्त करून तो पडवीत गेला नाही. शेषराव गुरुवारी त्याच्या टेबलापाशी आला आणि ओव्याचा अर्क घ्या म्हणाला. दुसऱ्या दिवशी घरून बाटली घेऊन आला. दयारामनं बाटली घेतली आणि त्याचा गोंधळ दुप्पट झाला. अशा माणसाला विचारायचं तरी कसं, की तुम्ही मला काय म्हणालात?

रविवारी तो एस. टी. पकडून साखरखेर्ड्याला गेला. बाप बाजेवर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होता. दात नसल्यामुळे दाणे तो दुसऱ्यांसाठी फोडायचा आणि वाटीत साठवून आल्यागेल्यापुढे करायचा. दयारामनं इकडचं तिकडचं विचारलं, औषध दिलं, वाटी रिकामी केली. मग काही सुचेना तेव्हा सरळच विचारलं, "बा, शेषरावच्या खळ्यावर तू रातभर जागा राहे का?"

"काऊन बे?"

"असंच. लोक म्हणते, बारा वर्सं एक कणीस गेलं नाही."

बापानं शेंगेचं टरफल फुंकलं. तो हसतो आहे हे दयारामला आधी कळलं नाही, कारण हसण्याचा आवाज नव्हता, नुसते खांदे हलत होते.

"थंडीत कोन जागते रे? दोन बांबू बांधले आडवे-उभे, वरतं माही घोंगडी टाकली, मडकं ठेवलं, मडक्याले फेटा बांधला. त्यायच्या माडीवरून पाह्यलं का मानक्या उभा दिसे. अन् मी घरी येऊन झोपलो."

"बारा वर्सं?"

"पयलं साल जागलो. मंग अक्कल आली."

"अन् कोनी चोरलं असतं तं?"

"चोर कोन होता बे गावात?" बाप म्हणाला. "काई गेलं का पयलं नाव आमचंच. अन् आमी सारे तं घरी झोपलो होतो."

दयाराम हसला. इतका हसला की शेजारची बनाबाई कुडावरून डोकावली आणि काय झालं विचारू लागली. बापानं तिला हातानंच काही नाही म्हणून सांगितलं, आणि ती गेल्यावर आवाज खाली आणून म्हणाला, की हे कोणाजवळ बोलू नको, गावात माझं नाव आहे, मी मेल्यावर काय सांगायचं ते सांग.

परतीच्या एस. टी.त खिडकीपाशी बसून तो आधी खूश होता. रक्तात राखण नव्हतीच. रक्तात झोप होती. हे शेषरावाच्या तोंडावर मारायला किती छान. मग लव्हाळ्याचा फाटा मागे पडला आणि त्याला बापाची पाठ आठवली. हिवाळ्यात तो बापाच्या पाठीला नाक लावून झोपायचा, आणि त्या पाठीला तंबाखूचा आणि कडब्याचा वास यायचा. हिवाळ्यात. खळ्यांच्या दिवसांत. बाप खळ्यावर असायला हवा तेव्हा त्याची पाठ घरात कशी, हा प्रश्न त्याला आजवर पडला नव्हता. म्हणजे त्याला ठाऊक होतं. घोंगडी नसायची म्हणून तर तो पाठीला चिकटायचा. फेटा सोडलेलं बापाचं डोकं त्यानं पाहिलं होतं. मग गुलाबरावाच्या हातातून ते चित्र त्यानं मागून घेतलं ते गंमत वाटली म्हणून, की आणखी कशानं? उन्हात उभं राहून जे उमगलं ते त्या दिवशी उमगलं, की पाच वर्षांचा असतानाच? हे रक्त म्हणायचं की नुसती ऊब? आणि शेषराव चुकला होता की बरोबर होता? चुकीच्या कारणानं बरोबर होता, की बरोबर कारणानं चूक? एस. टी. हादरत होती आणि प्रत्येक हादऱ्याला त्याचं मत बदलत होतं. त्याला बापाचा राग आला. मग एवढा हुशार बाप आपल्याला मिळाला म्हणून डोळ्यांत पाणी आलं. शेजारच्या माणसानं त्याला खिडकी लावून घ्यायला सांगितलं, धूळ येते म्हणून.

सोमवारी तो पडवीत गेला. सगळ्यांनी पोटाची चौकशी केली. शेषरावानं फरशी स्वतःच्या रुमालानं झटकली, घरं आखली आणि आज बघतोच म्हणाला. चहा आला. दयारामनं कपांकडे पाहिलं नाही, म्हणजे पाहायचं नाही असं ठरवून पाहिलं नाही, आणि ते पाहण्यासारखंच झालं. डाव लागला. पाचव्या पाळीला मधल्या घरात बुजगावणं आलं, कुंपण पडलं, आणि शेषरावाचा हात त्या दिवशीसारखाच घरांवरून फिरू लागला. तेव्हा तो निवृत्तीला सांगू लागला, हातातल्या चित्रांवरची नजर न काढता, की यांचे वडील काय माणूस होता. माडीवरून आम्ही पोरं पाहायचो. थंडी अशी की कुत्रं बाहेर निघायचं नाही, आणि माणिकराव खांबासारखा उभा. हलायचासुद्धा नाही. आमचे वडील म्हणायचे, माणूस असावा तर असा. "बारा वर्सं एक कणीस गेलं नाही हो," शेषराव म्हणाला. "म्हणून मी म्हणतो, रक्तात आहे."

त्याचा आवाज भरून आला होता. त्यात काडीचं कुसळ नव्हतं. दयारामला ते स्वच्छ ऐकू आलं, आणि अंगावर गरम पाणी पडावं तसं झालं. इतकं प्रेमानं बोललेलं कुठं ठेवायचं, हे त्याला कळेना. वाईट बोलला असता तर बरं झालं असतं. आता दयाराम स्वतः गप्प राहिला असता तर बापाचं नाव राहत होतं, पडवी राहत होती, कपही राहत होता. जायचं होतं ते फक्त त्याचं स्वतःचं, डोक्यानं बांधलेलं.

"बा झोपत होता, शेषरावभाऊ," तो म्हणाला.

कोणाला कळलं नाही म्हणून त्यानं सगळं सांगितलं. बांबू, घोंगडी, मडकं, फेटा. गुलाबरावाला हसता हसता ठसका लागला, निवृत्तीनं चष्मा काढून डोळे पुसले. शेषरावही हसला. मांडीवर थाप मारून हसला. मग त्याचं हसणं हळूहळू कमी होत गेलं, आणि बाकीचे थांबल्यावरही तो काहीतरी आठवत असल्यासारखा बसून राहिला. लहानपणची ती माडी, ती थंडी आणि तो न हलणारा माणूस तो पुन्हा बघत असावा.

"मंग आम्ही दरसाल जवारी देत होतो," तो म्हणाला, "ते कशाची?"

गंमतीनं म्हणाला की कसं, हे या वेळीही कळायला मार्ग नव्हता. पण दयारामनं हसायची घाई केली नाही.

"एक कणीस तरी गेलं का?"

"नाही."

"मंग राखणीचीच."

गुलाबरावानं चहाचा कप खाली ठेवला. पाळी शेषरावाची होती. दोन घरं रिकामी होती आणि त्याच्या हातात एक हत्ती वर काढून धरलेला होता. तो हत्तीकडेही बघत नव्हता आणि घरांकडेही नाही. दयारामला वाट बघायची सवय होती, त्याचा सगळा कॅटच त्यावर उभा होता. एकेका पाळीला समोरच्यानं अर्धा तास घेतला तरी त्यानं कधी हूं म्हटलं नव्हतं. आता मात्र शेषराव पुढे काय बोलतो याची वाट बघणं त्याच्यानं होईना. हातात विहीर होती, जातं होतं, कुलूप होतं. त्यानं कुत्रा काढला आणि सरळ कोपऱ्यातल्या एका रिकाम्या घरात मांडला, जिथं हत्ती त्याला सहज हटवू शकला असता.

निवृत्ती कायद्याचं काहीतरी बोलायला गेला आणि थांबला.

"पाळी माही होती, दयारामजी," शेषराव हळूच म्हणाला.

"ठाऊक आहे मले," दयाराम म्हणाला, आणि त्यानं चित्र उचललं नाही.